ट्रंकचा अलार्म आणि कार्डाचा बळी

प्रश्न : दारव्हा तालुक्यातल्या ट्रस्टच्या रुग्णालयात मी टेलिफोन ऑपरेटर आहे. आमच्याकडे अवाया कंपनीची जुनी डेफिनिटी इपीएबीएक्स (आतले फोन आपसात आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं यंत्र) आहे, मुंबईच्या एका ऑफिसातून देणगीत आलेली. मृगाचा पहिला पाऊस झाला तेव्हापासून कन्सोलवरचा अलार्मचा दिवा जात नाही. यादीत पोर्ट ०१ए०७०४, सीओ-ट्रंक (एक्सचेंजकडून येणारी बाहेरची लाइन), मायनर असं येतं. मला टेस्ट लावता येते. शॉर्ट टेस्टमध्ये डायल टोन टेस्ट फेल येते, बाकीच्या पास. कधी कधी अबॉर्ट १००४ येतं. नागपूरचा टेक्निशियन फोनवरच म्हणाला, कार्ड गेलं, नवीन घ्या. कार्ड, म्हणजे यंत्रातली ट्रंकची सर्किटं असलेली पाटी, महाग आहे आणि जुनंच मिळतं. लाँग टेस्ट लावून बघू का? यादीची प्रिंट सोबत पाठवते आहे.
– एक ऑपरेटर, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, कार्ड घेऊ नका. निदान एवढ्यात तरी नाही.

तुमच्या प्रिंटवर पोर्टच्या पुढच्या रकान्यांत एक 'ऑन बोर्ड' नावाचा रकाना आहे. त्यात 'एन' छापलंय, म्हणजे 'नाही'. बिघाड कार्डावर दिसत नाही, बाहेर बघा, असं यंत्रच सांगतंय. बाहेर म्हणजे एमडीएफ (यंत्राच्या आणि बाहेरच्या तारा जिथे जोडतात ती चौकट), भिंतीवरची वायर, खांबावरून आलेली लाइन, नाहीतर थेट एक्सचेंज. हा रकाना न बघता फोनवरून कार्डाचा बळी देणारे टेक्निशियन मला नवे नाहीत. आर्वीकडचा एक म्हातारा लाइनमन अशांना ऐकवायचा, "तुमी कार्डच बदलून रायले, अन् तार तिकडं बाभळीवर लोंबकून रायली."

पोर्टचा पत्ता असा वाचा : ०१ नंबरचं कॅबिनेट, ए कॅरिअर (कॅबिनेटमधला कप्पा), सातवा खण, त्यातलं चौथं सर्किट. त्या खणातल्या कार्डावर आठ ट्रंक असतात. तुमची तक्रार एकाच ट्रंकची आहे. अख्खं कार्ड गेलं असतं तर बाकीच्या ट्रंकही बिघडल्या असत्या. एकच सर्किट मरणं मात्र अशक्य नाही, म्हणून आपण तपासणार आहोत.

आता डायल टोन टेस्ट काय करते ते बघा. कार्ड लाइन उचलतं आणि एक्सचेंजकडून डायल टोन येतो का, ते ऐकतं. आला तर पास, नाही तर फेल. टोन का आला नाही, हे तिला कळत नाही. तार तुटली असो, एक्सचेंजने लाइन बंद केली असो, की कार्डाचा कान गेला असो, तिचं उत्तर एकच. बाकीच्या टेस्ट कार्डाच्या पोटातल्या आहेत आणि त्या पास होताहेत. ही गोष्ट कार्डाच्या बाजूने जाते.

अबॉर्ट १००४ ला घाबरू नका. टेस्ट चालू असताना त्या ट्रंकवर खरा कॉल आला किंवा गेला, म्हणून टेस्ट अर्धवट सुटली, एवढाच त्याचा अर्थ. अबॉर्ट म्हणजे फेल नव्हे. १००० आकडा आला तर टेस्टला लागणारी सामग्री त्या क्षणी मोकळी नव्हती असं समजा. दोन्ही वेळा मिनिटभर थांबून पुन्हा लावा. पाच वेळा लावूनही तेच आलं तर मग शोध घ्यायचा. मात्र माझं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. १००४ येतं, म्हणजे ही ट्रंक अधूनमधून कॉल घेते आहे. पूर्ण तुटलेली तार असं करत नाही. बहुतेक कुठेतरी लूज किंवा ओलं आहे.

एकापेक्षा जास्त टेस्ट फेल आल्या, तर पडद्यावर ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने निस्तरा. वरची सुधारली की खालच्या पुष्कळदा आपोआप सुधारतात.

खरी परीक्षा फुकटात होते. एमडीएफवर चौथ्या सर्किटचा जंपर (दोन जागा जोडणारी छोटी तार) आणि शेजारच्या चालू ट्रंकचा जंपर यांची अदलाबदल करा. क्रोन कंपनीच्या पट्टीवर त्यासाठी पंचिंग टूल (तार पात्यात दाबून बसवायचं हत्यार) लागतं. स्क्रू ड्रायव्हरने खुपसू नका, पातं वाकलं की ती जागा कायमची लूज. मग दोन्ही ट्रंकवर शॉर्ट टेस्ट लावा. बिघाड लाइनसोबत शेजारच्या सर्किटवर गेला, तर दोष बाहेरचा. चौथ्यावरच राहिला, तर टेक्निशियन खरा. झाल्यावर जंपर जागच्या जागी लावा, नाहीतर बाहेरून येणारे कॉल भलत्याच ट्रंकवर येतील.

दोष बाहेरचा निघाला तर आधी लाइनच्या बाजूची जीडी (गॅस डिस्चार्ज) ट्यूब काढून बघा. विजेचा झटका जमिनीत सोडण्यासाठी ती असते, पण मोठ्या कडकडाटात स्वतःच शॉर्ट होते आणि लाइन अर्थला बांधून ठेवते. पहिल्या पावसानंतर आपल्याकडे हीच गंमत सगळ्यात जास्त. दुसरं, पट्टीच्या फटीत बघा. तांब्यावर हिरवी बुरशीसारखी पूड, नाहीतर दोन पात्यांच्या मध्ये वाळून चिकटलेली पाल सापडेल. ट्यूब काढून, जंपर सोडवून, लाइनवर साधा फोन लावा. टोन आला तर लाइन नीट आहे आणि दोष तुमच्या ट्यूबमध्ये नाहीतर पट्टीत. टोन नाही तर मीटर लावा : लाइन मोकळी असताना ४८ व्होल्ट डीसीच्या आसपास दिसायला हवेत. काहीच नसेल तर एक्सचेंजकडे तक्रार नोंदवा आणि मीटरचा आकडा त्यात लिहा. ढग गडगडत असतील तेव्हा एमडीएफला हात लावायचा नाही, आणि तो जंपर सुटा असला तरीही नाही.

लाँग टेस्टबद्दल : नको. शॉर्ट टेस्टने चालू कामाला धक्का लागत नाही. लाँगमध्ये काही टेस्ट अशा असतात की चालू कॉल तुटू शकतो. कार्ड रीसेट करायचं तर आधी ते बिझीआउट करावं लागतं, म्हणजे आठही ट्रंक बंद. अपघात विभागाची लाइन त्याच कार्डावर असली तर? तेव्हा असं काही करायचंच झालं, तर मेट्रनला सांगून, मोबाइल हाताशी ठेवून करा. आणि नंतर रिलीज (पुन्हा चालू करायचा हुकूम) द्यायला विसरू नका. बिझीआउट तसाच राहिला तर त्याचाही वॉर्निंग अलार्म येतो आणि पुढचा माणूस त्याच्यामागे दिवसभर फिरतो.

आमची पिढी सी-डॉट या सरकारी संस्थेच्या ग्रामीण एक्सचेंजवर शिकली. १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला पहिलं लागलं ते १२८ पोर्टचं, एसीशिवाय चालणारं. त्या यंत्राला उन्हाचं फारसं काही वाटायचं नाही, पण खराब अर्थिंगने तेही रडायचं. तुमच्याकडे काळी माती. उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थपिट (अर्थिंगचा खड्डा) कोरडा ठक्क होतो, आणि पहिली वीज नेमकी त्याच आठवड्यात येते. एप्रिलपासून पिटात रोज बादलीभर पाणी घालायला माळ्याला सांगा.

अदलाबदलीनंतर दोष खरंच चौथ्या सर्किटचा निघाला, तरी लगेच कार्ड नको. त्या कार्डावरची आठही सर्किटं वापरात आहेत का ते बघा. एखादं रिकामं असेल तर लाइन तिकडे हलवून ट्रंक ग्रुपमध्ये (बाहेरच्या लाइनांच्या गटात) तो पोर्ट टाकून घ्या, आणि चौथा काढून टाका. हे काम नागपूरच्या त्याच टेक्निशियनकडून करून घ्या.