नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या टूबीएचकेचा प्लॅन काढायला आणि मोजायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुमच्या प्रश्नातलं मुख्य ते असं: नवीन फ्लॅटचा ताबा मिळतोय, करारातला कार्पेट एरिया स्वतः मोजून बघायचाय, मग वॉर्डरोब आणि किचन ट्रॉलीसाठी सुताराला प्लॅन द्यायचाय, लॅपटॉप ४ जीबी रॅमचा आहे आणि ऑटोकॅड शिकावंच लागेल का.

नाही लागणार. स्वीट होम थ्रीडी घ्या. फुकट आहे, इंटरनेट नसतानाही चालतं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. थ्रीडीचा भाग अडखळायला लागला तर ओढून बारीक करा, मोजमापाला त्याची गरज नाही. ऑटोकॅड आता फक्त वर्गणीवर मिळतं, एका फ्लॅटसाठी तो खर्च फुकट जाईल. क्रॅक कॉपीच्या नादी लागू नका, तिच्याबरोबर व्हायरस येतो.

पण क्षेत्रफळ चुकतं ते बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमुळे नाही, मापं घेताना. म्हणून आधी त्याबद्दल.

लेझर मीटर मिळाला तर उत्तम, पण त्याचं शून्य पुढच्या टोकाला लावलंय की मागच्या, हे पहिल्यांदा तपासा. उलट असेल तर प्रत्येक माप यंत्राच्या लांबीएवढं चुकतं, आणि सगळीकडे सारखंच चुकत असल्यामुळे लक्षातही येत नाही. टेप असेल तर स्टीलची, आणि दुसरं टोक धरायला माणूस हवा, नाहीतर झोळ पडतो. माप स्कर्टिंगच्या वर, कमरेच्या उंचीवर घ्या. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्णही घ्या. १० बाय १२ फुटांच्या खोलीचा कर्ण १५ फूट साडेसात इंच भरायला हवा. दोन कर्णांत दीड-दोन इंचांचा फरक आला तर खोली गुण्यात नाही (कोपरे काटकोनात नाहीत), आणि नुसता लांबी गुणिले रुंदी हिशोब तिथे चालणार नाही. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजा, अंदाजाने लिहू नका. साडेचार इंची विटेची आतली भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरनंतर साधारण साडेपाच इंच होते, ब्लॉकच्या भिंतीचं माप वेगळं.

आता आपल्याकडची हमखास चूक. १० फूट ६ इंच हे वहीत '१०.६' असं लिहायची सवय असते. कॅल्क्युलेटरच्या लेखी १०.६ म्हणजे १० फूट ७ इंचांच्याही किंचित पुढे, ६ इंच म्हणजे १०.५. याहून वाईट '१०.११': तुमच्या मनात १० फूट ११ इंच, यंत्र समजतं १० फूट आणि जेमतेम सव्वा इंच. एका आकड्यात पावणेदहा इंच गेले! म्हणून सगळी मापं मिलिमीटरमध्ये घ्या आणि सॉफ्टवेअरचं एककही मीटर किंवा मिलिमीटर ठेवा. चौरस मीटरला शेवटी १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट.

स्वीट होममध्ये तीन गोष्टी सांभाळा. भिंत मध्यरेषेवरून काढली जाते. आतून ३००० मिमीची खोली हवी आणि दोन्ही टोकांच्या भिंती १५० मिमीच्या असतील, तर रेघ ३१५० मिमीची काढायची. भिंत काढताना एन्टर दाबलं की लांबी टाइप करता येते, माउसने अंदाज बांधत बसू नका. दुसरं, भिंतीची मुळातली जाडी ७.५ सेंमी धरलेली असते, ती सुरुवातीलाच बदला. तिसरं, खोली गुण्यात नसेल तर मॅग्नेटिझम बंद करा, नाहीतर ते रेघ ओढून ठरावीक कोनांवर बसवतं आणि तुमची तिरकी भिंत सरळ होते. पंचवटीतल्या जुन्या वाड्याचा प्लॅन काढणाऱ्यांनी हे पहिल्याच मिनिटाला करावं.

बिल्डरच्या ब्रोशरवरून ट्रेस करणार असाल तर चित्र आत घेताना एक ज्ञात लांबी द्यावी लागते. लोक दार निवडतात, तिथेच फसतात. ३ फुटांच्या दारात १ इंच चुकला, तर ३० फुटांच्या फ्लॅटमध्ये १० इंच चुकतात. चित्रातली सर्वांत लांब बाजू धरा. मग आडवं एक आणि उभं एक माप पडताळा, कारण व्हॉट्सअॅपवरून आलेलं चित्र कुणीतरी एका बाजूने ताणलेलंही असू शकतं. डीडब्ल्यूजी फाइल (ऑटोकॅडमधलं मूळ ड्रॉइंग) मागून मिळाली तर सोन्याहून पिवळं. ती ऑटोडेस्कच्या मोफत डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यूमध्ये उघडून मापं घेता येतात. पण तो कागदावरचा फ्लॅट, बांधलेला नव्हे.

क्षेत्रफळाकडे येऊ. खोलीच्या आत डबल-क्लिक केलं की स्वीट होम आतल्या कडांपर्यंतचं क्षेत्रफळ देतं. सगळ्या खोल्यांची बेरीज करून 'कार्पेट कमी निघाला' म्हणून बिल्डरच्या ऑफिसात जाल तर तोंडघशी पडाल. २०१६ च्या रेरा कायद्यात (घरबांधणी व्यवसायाच्या नियमनाचा कायदा) कार्पेट म्हणजे वापरता येणारं निव्वळ क्षेत्र. त्यात बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी), तुमच्याच वापरातली बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत, पण फ्लॅटच्या आतल्या पार्टिशन भिंतींखालची जागा धरतात. आतल्या भिंती एकूण ४० फूट लांब आणि ५ इंच जाड असतील तर तेवढ्यानेच साधारण १७ चौरस फूट होतात. म्हणून डबल-क्लिकवर थांबू नका. बाहेरच्या भिंतींच्या आतल्या कडेने कोपरा-कोपरा क्लिक करत संपूर्ण फ्लॅटची एकच मोठी 'खोली' काढा, त्यातून डक्ट वजा करा, बाल्कनी वेगळी ठेवा. बाल्कनी आत घेऊन हॉल वाढवलेला असेल तर मूळ भिंतीची जागा मंजूर नकाशावरून शोधावी लागेल.

फरक निघालाच तर करारातलं कलम बघा. महारेराच्या (या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण) नमुना करारात ३ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालतं. पण या मर्यादेत कमी भरलं तरी किंमत पुन्हा मोजून जादा घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत करायचे असतात. ७०० चौरस फुटांवर ३ टक्के म्हणजे २१ चौरस फूट. मात्र दोन-चार फुटांवरून वाद घालू नका. तेवढी तुमच्या मापातलीच चूक असू शकते.

सुतारासाठी मात्र हा प्लॅन पुरत नाही. त्याला भिंतीचं समोरून दिसणारं चित्र लागतं, मापं फूट-इंच-सुतात (एक सूत म्हणजे पाव इंचाचा निम्मा). स्वीट होमचं या बाबतीत काही खरं नाही. चौकटीच्या कागदावर हाताने काढलेलं चालतं. संगणकावरच हवं असेल तर मोफत लिब्रेकॅड, पण ते डीएक्सएफ या दुसऱ्या प्रकारच्या फाइलवर चालतं, डीडब्ल्यूजी त्यात धड उघडत नाही. वॉर्डरोबची जागा खाली, मध्ये आणि बीमखाली अशी तीन उंचींवर मोजा आणि सर्वांत कमी माप द्या, कारण भिंत ओळंब्यात (अगदी सरळ उभी) क्वचितच असते. किचनची मापं डॅडोच्या (भिंतीवरच्या) टाइल बसल्यावरच घ्या. टाइल आणि तिच्यामागचा माल जागा खातात, मग ट्रॉली आत जात नाही.

फोनच्या कॅमेऱ्याने प्लॅन बनवणारी मॅजिकप्लॅनसारखी अॅप्स सोफा मावेल का एवढं बघायला ठीक, सुताराला ती मापं देऊ नका. स्केचअपची ब्राउझरमधली मोफत आवृत्ती दिसायला देखणी, पण डीडब्ल्यूजी घेत नाही. पुढेमागे म्हसरूळला बंगला बांधायचं मनात असेल, तर मंजुरीचा नकाशा २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे आर्किटेक्ट काढून देईल. तुमची स्वीट होमची फाइल त्याला फक्त मनातलं दाखवायला.

प्रिंट १:५० ला काढा. ३० बाय २८ फुटांचा फ्लॅट ए४ वर कसाबसा मावतो, मापं लिहायला ए३ बरा. झेरॉक्सवाल्याला 'फिट टू पेज' बंद करायला सांगा आणि प्लॅनच्या कोपऱ्यात १ मीटरची रेघ आधीच काढून ठेवा. प्रिंटवर ती बरोबर २० मिमी भरली पाहिजे. १९ भरली तर तिथेच परत काढून घ्या.