कल्पना नंतर, आधी शेडवर बस

बेदाण्यात कुणी न केलेलं काहीतरी करायचंय म्हणतोस. कर बाबा, पण आधी आठवडाभर तासगावकडच्या, द्राक्षं जाळ्यांवर सुकवतात तसल्या एखाद्या शेडवर बसून बघ. मीही पहिल्याच हंगामात भारीतलं मशीन आणलं होतं. आज त्यावर मांजर झोपतं! टिकली ती सुधारणा एका मजूर मावशींची: "खालच्या जाळीवरचा माल उशिरा सुकतोय, तो येगळा काढा की." मालाला रंग एकसारखा यायला लागला.

आणि चांगली वस्तू आपोआप खपते, हे डोक्यातून काढ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावेनात. पहिलं गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं लागली. त्यांच्या कारखान्याचं गाव, किर्लोस्करवाडी, त्यानंतरचं, १९१० चं. तुझ्याकडं दोन हंगाम पुरेल एवढं भांडवल आहे का?