गोचिडीच्या पोटातले 'परजीवी'?

परळहून पशुवैद्यकाच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: सेमिनारला 'गोचिडीतील परजीवी सूक्ष्मजीव' हे शीर्षक चालेल का? शिवाय, गोचीड 'तो' की 'ती'?

'परजीवी' अजिबात नको. परजीवी ही गोचीड स्वतः. तिच्या आतल्या झाडून सगळ्यांना तेच नाव देणे म्हणजे बिऱ्हाडकरू आणि भुरटा चोर एकाच पाटीवर लिहिणे. वर्तमानपत्रे तर 'गोचिडीचा विषाणू' म्हणून मोकळी होतात. काँगो तापाचा विषाणू असतो, कबूल. पण कुत्र्यांच्या 'टिक फीवर'मधला एर्लिकिया हा जिवाणू आणि गुरांना लाल लघवी करायला लावणारा बॅबेसिया हा आदिजीव, म्हणजे एकपेशीय प्राणी. (आणि गोचीड 'कीटक' नव्हे हो! पाय मोजा, आठ भरतील. सहा असतात ते फक्त अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला.)

आता खरी गंमत. ज्ञानेश्वरीच्या 9व्या अध्यायात गोचिडाचा दृष्टांत आहे: त्वचेच्या पदराआड गोड दूध असते, पण ते अव्हेरून गोचीड 'अशुद्ध' सेवतात. इथे 'घाण' असा अर्थ सांगणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. जनावराच्या कासेत घाण कुठून आली? जुन्या मराठीत अशुद्ध हे चक्क नाम आहे आणि त्याचा अर्थ रक्त. विटाळाच्या कल्पनेतून विशेषणाचे नाम झाले असावे, असे माझे मत. कोणाला पटो न पटो.

1290 साली दूध आणि रक्त असे समोरासमोर ठेवले गेले, आणि नेमकी तिथेच गोचिडीची अडचण आहे. रक्तात प्रथिने आणि लोह बक्कळ, पण ब जीवनसत्त्वे तुटपुंजी. दुधात त्यांपैकी रायबोफ्लेविन तरी भरपूर असते. ही बया अशुद्धच पिणार, म्हणून अंडाशयात आणि माल्पिघी नलिकांत (उत्सर्जनाच्या नळ्यांत) कॉक्सिएलाच्या जातकुळीतले जिवाणू बाळगते. ते तिला बायोटिन, रायबोफ्लेविन, फोलेट ही ब जीवनसत्त्वे करून घालतात आणि अंड्यांतून पुढच्या पिढीत जातात. गुरांवरच्या गोचिडीच्या, म्हणजे ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लसच्या, रक्त पिऊन टम्म फुगलेल्या मादीला टेट्रासायक्लिन हे जिवाणू मारणारे प्रतिजैविक टोचले तर ती अंडी नेहमीसारखी घालते, पण पिल्ले प्रौढ होण्याआधीच अडकून पडतात. हे परजीवी कसले, हे तर घरचे आचारी! शब्द 'सहजीवी', पेशीच्या आत राहणाऱ्यांना 'अंतःसहजीवी'.

आणि गोचिडीतल्या अशा सगळ्या सूक्ष्मजीवांना मिळून म्हणतात त्या मायक्रोबायोमला 'सूक्ष्मजीवसमूह' पुरे. त्याहून जड शब्द पाडणाऱ्यांनी तो आधी स्वतः एका दमात उच्चारून दाखवावा.

शीर्षकातले '-तील' मात्र जपून वापरा. आतले सूक्ष्मजीव डीएनएवरून ओळखायला गोचीड चिरडतात; त्याआधी ती नुसत्या अल्कोहोलने धुतली तर तिच्या अंगावरच्या जिवाणूंचा डीएनए शिल्लक राहतो आणि आतल्यांच्या यादीत घुसतो. मग ते 'गोचिडीवरील' झाले. सोडियम हायपोक्लोराइटने धुवा, तो डीएनएच मोडतो.

हां, लिंग राहिले. दोन्ही रूढ आहेत. एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. सामान्यरूपात मात्र 'चि' ऱ्हस्व: गोचिडाचे, गोचिडीचे. 'गोचीडीचे' नव्हे.