रविवारी लावलेली खोली बुधवारी पुन्हा विस्कटते, कारण…

नऊ वर्षांची मुलगी, बारा वर्षांचा मुलगा, दोघांत मिळून एक खोली. रविवारी तुम्ही तीन तास खपून ती लावता आणि बुधवारी पुन्हा पाय ठेवायला जागा नाही, असं तुम्ही लिहिलंय. मुलं आळशी आहेत का, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी शाळेचा शर्ट जागेवर ठेवायला किती हालचाली लागतात ते मोजा. दार उघडा, हँगर काढा, शर्ट अडकवा, टाचा उंचावून दांडीला लावा, दार बंद करा. खुर्चीवर फेकायला एक! खुर्चीच जिंकणार.

कपाटातली दांडी मोठ्यांच्या उंचीची असते, साडेपाच-सहा फुटांवर. मुलीची उंची सव्वाचार फुटांच्या आसपास असेल. वरच्या दांडीला दोन साखळ्या अडकवून साडेतीन फुटांवर दुसरी दांडी टांगा, सुताराची गरज नाही. घरात घालायच्या टी-शर्टच्या घड्यांचा आग्रह सोडा. एक खण टी-शर्टचा, एक चड्ड्या-पँटचा, कोंबले तरी चालतील.

खुर्चीवरचा ढीग मात्र निराळा. त्यातले बहुतेक कपडे एकदाच घातलेले असतात, म्हणजे धुवायचे नाहीत आणि कपाटातही नकोत. त्यांना घरात जागाच नसते. प्रत्येकाला दोन खुंट्या द्या, जमिनीपासून चार फुटांवर. खुंट्या भरल्या की जुना कपडा धुवायला. धुण्याची टोपली बिनझाकणाची घ्या, झाकण असलं की कपडे झाकणावर साठतात. ओला टॉवेल खोलीत येऊच देऊ नका, पावसाळ्यात तर नाहीच. दोन दिवसांत कुबट वास धरतो.

दप्तर चिकटवायच्या हुकवर टांगू नका. भरलेलं दप्तर सहज चार-पाच किलोंचं होतं. हुक तर पडतोच, शिवाय डिस्टेंपरचा पापुद्राही घेऊन येतो. असे हुक कपाटाच्या लॅमिनेटवर टिकतात, तेही हलक्या कपड्यांपुरते. दप्तरासाठी लाकडी पट्टी भिंतीत गिट्टी (भोकात स्क्रू घट्ट धरणारी प्लॅस्टिकची नळी) आणि स्क्रूने बसवा, अडीच-तीन फुटांवर. भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र विटांची असेल तर साधी गिट्टी सैल पडते, त्या विटांसाठी वेगळी मिळते ती मागा. भाड्याचं घर असेल तर दाराजवळ एक बसकं स्टूल पुरे. डबा मात्र आल्या आल्या दप्तरातून थेट ओट्यावर. शुक्रवारचा डबा सोमवारी उघडलात की कारण कळेलच.

खेळणी बॉक्स बेडमध्ये नकोत. गादी उचलून काढायचं म्हटलं की काढणं होत नाही, ठेवणं त्याहून नाही, आणि जड फळीखाली बोटं सापडतात ते वेगळंच. तीन उघडे टब ठेवा, उरलेलं माळ्यावर, महिन्याने अदलाबदल. ठोकळ्यांचा खेळ जुन्या चादरीवर मांडायला लावा. खेळ संपला की चार टोकं उचलायची आणि टबात.

आता रोजचं आवरणं. “खोली आवर” ही सूचना नऊ वर्षांच्या मुलीला फार मोठी आहे, सुरुवात कुठून करायची तेच तिला कळत नाही. जेवणाआधी दहा मिनिटं ठरवा आणि एका वेळी एकच सांगा. आधी जमिनीवरचे कपडे. सगळ्यात जास्त जागा तेच अडवतात, ते उचलले की फरशी दिसते आणि हुरूप येतो. मग कप, ताटल्या, वेष्टनं. मग वह्या-पुस्तकं. खेळणी शेवटी, नाहीतर आवरता आवरता खेळ सुरू होतो. पहिले दोन-तीन आठवडे तुम्ही खोलीत थांबायचं, पण हात लावायचा नाही. तुम्ही एक वस्तू उचललीत की उरलेल्याही तुमच्याच.

मुलं शाळेत असताना सामान टाकून देणं हा मोह आवरा. एकदा तसं झालं की मूल फुटकं पेनही लपवून ठेवायला लागतं. गेल्या इयत्तेच्या वह्या-पुस्तकांचा निकाल मे महिन्यात त्यांच्यासमोरच लावा, कोऱ्या पानांची कच्ची वही करायची, बाकी रद्दी.

मुलाच्या टेबलावरचा ढीग, मला विचाराल तर, सोडून द्या. बाराव्या वर्षी ते टेबल त्याचं असू दे. त्याच्याकडून तीनच गोष्टी मागा: उष्टं भांडं खोलीत नको, ओला टॉवेल नको, आणि दारापासून पलंगापर्यंतची वाट मोकळी हवी, रात्री दिवा न लावता जाता येईल इतकी.