थंड पाण्याच्या बाटलीवर 'कूलिंग'चे दोन रुपये जास्त घेतात, हे चालतं का?

नाही. बाटलीवर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसकट असते. फ्रिजचं वीजबिल हा दुकानदाराचा खर्च, तो गिऱ्हाइकाच्या माथी मारता येत नाही. एसटी स्टँडवरचा स्टॉल असो की कोपऱ्यावरची टपरी, नियम तोच.

मात्र हॉटेलात बसून तीच बाटली मागवलीत तर गणित बदलतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितलं, की हॉटेल-रेस्टॉरंटवाले छापील किमतीपेक्षा जास्त आकारू शकतात, कारण तिथे बसण्याची जागा, पंखा, वेटर असं सगळं त्यात येतं. मला स्वतःला हे पटत नाही, पण कायदा सध्या असा आहे.

दुकानदार ऐकत नसेल तर हुज्जत घालू नका. बिल मागा. देणार नाही, हे गृहीत धरा आणि यूपीआयने पैसे द्या, म्हणजे रक्कम नोंदली जाते. बाटलीवरच्या किमतीचा फोटो काढा. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा वैधमापनशास्त्र विभागाकडे (वजन-मापं आणि छापील किमतीचे नियम पाळले जातात का, हे बघणारं सरकारी खातं) तक्रार करा. दुकानावर कारवाई हा विभागच करतो. दोन रुपयांसाठी थेट ग्राहक आयोगात जायची गरज सहसा पडत नाही.