शेवटचं संपवलेलं पुस्तक कोणतं?

मुलांच्या लायब्ररीत काम करते त्यामुळे "अमुक वर्षांच्या मुलासाठी काहीतरी चांगलं सुचवा ना" हे वाक्य रोज ऐकते. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: त्याने किंवा तिने शेवटचं आवडीनं संपवलेलं पुस्तक कोणतं? वयावरून मला फार काही कळत नाही. या वेळी आलेल्या पत्रांतली चार घेतलीत.

मुलगा आठ वर्षांचा आहे. हॅरी पॉटरची पहिली तीन पुस्तकं दीड महिन्यात संपवली, आता चौथं मागतोय. देऊ का?

खूश व्हा आधी! पण जरा दमाने घ्या असं मी म्हणेन. ही सात पुस्तकं 1997 ते 2007 अशी दहा वर्षांत आली आणि पहिल्यात अकराचा असलेला हॅरी सातव्यात सतराचा होतो, म्हणजे तेव्हा जी मुलं वाचत होती त्यांना पुढच्या भागाची वाट बघावी लागायची आणि तेवढ्यात तीही मोठी व्हायची. तुमच्या मुलासमोर सगळा गठ्ठा तयारच आहे ना. चौथं पुस्तक तिसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट जाड आहे आणि शेवटी एक शाळकरी मुलगा खरंच मरतो (ज्यांनी वाचलं नाही त्यांना सॉरी), तिथून पुढे सगळंच गंभीर होत जातं. त्याला वाचता येईल हो, वाचायचा प्रश्नच नाहीये, पण ते मनात घेऊन रात्री एकटं झोपायचं म्हणजे आठव्या वर्षी जड जाऊ शकतं.

तरीही सरळ "नाही" म्हणू नका, मग तेच पुस्तक उशीखाली सापडतं. मधे दुसरं काहीतरी सरकवा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या, तो काडीपैलवान सायकलवरून जिथे जाईल तिथे काहीतरी भानगड होतेच आणि "ट्टॉक्" तर मुलं दिवसभर करत बसतात. नाहीतर दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. आणि चौथं हवंच असा हट्ट धरला तर तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा, रोज एक प्रकरण. 37 प्रकरणं आहेत, महिना आरामात निघेल आणि तो कुठे गप्प झाला ते तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.

मुलगी सहा वर्षांची, रोज एकच पुस्तक आणते. नवीन आणलं की बघतसुद्धा नाही. कंटाळा आला मला!

तुम्हाला आलाय, तिला नाही. आणू दे तिला तेच. फक्त नवीन पुस्तक हातात न देता नुसतं शेजारी ठेवून द्या, माधुरी पुरंदरेंचं 'यश' किंवा 'राधाचं घर' ठेवून बघा. चित्रं त्यांचीच आहेत आणि त्यात बघण्यासारखं इतकं असतं की शंभराव्यांदा पण काहीतरी नवीन सापडतं. तुमची पण सोय झाली.

मुलगी तेरा वर्षांची आहे, अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचायचीय म्हणते. इतकं दुःखी पुस्तक आत्ताच कशाला, असं मला वाटतं.

बाबा, अ‍ॅनला ती डायरी मिळाली तेव्हा ती बरोबर तेरा वर्षांची झाली होती, 12 जून 1942, तिचा वाढदिवस. मोठ्यांना त्या पुस्तकात फक्त शेवट दिसतो कारण आपल्याला इतिहास माहितीये. मुलींना वेगळंच दिसतं हो, आईशी होणारी भांडणं, "मला कुणी समजूनच घेत नाही", सोबत लपलेल्या पीटरबद्दल काय वाटतं ते, नाझींपासून लपलेल्या जागेत दोन वर्षं त्याच त्याच माणसांची तोंडं बघून येणारी चिडचिड. माझ्याकडून डायरी घेऊन गेलेल्या बऱ्याच मुली परत आल्या त्या नवीन वही कुठली घेऊ ते विचारत.

तेव्हा द्या. पण आधी तुम्ही वाचा, कारण डायरी मधेच तुटते, तिचं पुढे काय झालं ते ती लिहू शकली नाही, आणि तो प्रश्न मुलगी तुम्हालाच विचारणार. खरं उत्तर द्या. नंतर काहीतरी उबदार हवं असेल तर शांता शेळकेंनी मराठीत आणलेली 'चौघीजणी' आहेच, तिथेही दुःख आहे पण घर भरलेलं आहे.

ताई मी पंधरा वर्षांचा आहे, पुस्तक घेतलं की वीस पानांत बोअर होतं. सगळे म्हणतात वाच वाच. खरंच वाचावंसं वाटेल असं सांगा, बोधपर नको.

थँक्यू, स्वतः विचारलंस म्हणून! बोअर झालं तर सोडून दे, अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचा हिशोब इथे कुणी ठेवत नाही (दंड फक्त उशीर झाला तर). शेवटचं काय संपवलंस ते तू लिहिलं नाहीस म्हणून अंदाजाने सांगते. वीस पानांत कंटाळतोस ना, मग वीस-पंचवीस पानांत संपणारं घे. शेरलॉक होम्सच्या 56 कथा आहेत आणि कादंबऱ्या फक्त 4, पण लोक नेमकी कादंबरीच आधी उचलतात आणि अडकतात. तू कथा घे, मराठीत मिळतात. सायन्स आवडत असेल तर जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी' मधल्या कथा.

आणि एक माझ्या आवडीचं, व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर'. छोटंसं आहे. वानरांच्या टोळीत सत्ता कुणाची यावरून होणारी मारामारी, बोध वगैरे काही नाही, क्रूर आहे मात्र. वीस पानांवर थांबलास तर मला लिही कुठे थांबलास ते, दुसरं शोधू.