सुरतकलला सोलापूरच्या मुलीचा नंबर लागेल का?

प्रश्न : मुलगी सोलापुरात बारावीला आहे. सुरतकलच्या एनआयटीत प्रवेशाची शक्यता कशी ताडायची? – एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : तिथल्या निम्म्या जागा कर्नाटकच्या, निम्म्या बाहेरच्यांच्या. 'जोसा'च्या (आयआयटी-एनआयटीचे प्रवेश करणारी केंद्रीय यंत्रणा) संकेतस्थळावर मागच्या तीन वर्षांचे शेवटच्या फेरीचे क्लोजिंग रँक (ज्या रँकवर प्रवेश थांबले तो) काढा आणि 'ओएस'चीच, म्हणजे बाहेरच्या राज्यांची, ओळ वाचा. 'एचएस'ची, म्हणजे त्याच राज्यातल्यांची, वाचून उगाच हुरळू नका. जेईई मेनचं पर्सेंटाइल नको, रँक धरा. आरक्षित प्रवर्गाच्या ओळीत प्रवर्गातला रँक असतो, सर्वसाधारण नव्हे. मुलींसाठीची ओळ वेगळी असते, तीही जरूर पाहा. आणि राज्य डोमिसाइलवरून नव्हे, बारावी जिथून पास त्यावरून ठरतं: कर्नाटकातल्या विजयपुरातून बारावी केली, तर हीच मुलगी सुरतकलला घरची आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत बाहेरची!